मालगाडीच्या शेपटीला आता कोण बसणार?

अमेरिकेत एखादी लांबलचक मालगाडी रुळांवरून घसरली की आठवडाभरात कोणीतरी हमखास म्हणतं, "शेवटच्या डब्यात माणूस असता तर हे झालंच नसतं." हा शेवटचा डबा म्हणजे कबूस. आपल्या मालगाडीच्या शेपटीचा गार्डाचा डबा डोळ्यांसमोर आणा, त्याच्या छपरावर चहूबाजूंनी काचा असलेली छोटी माडी चढवा, आत कोळशाची शेगडी, दोन बाकं आणि लिहायला एक टेबल ठेवा, की झाला कबूस. १९८० च्या दशकात तो अमेरिकेच्या मुख्य मार्गांवरून हटला. आज बरेचसे कबूस संग्रहालयांत, बागांत नाहीतर मोटेलच्या खोल्या होऊन उभे आहेत.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच ताणून धरत नाही. मुख्य मार्गावरच्या मालगाडीला कबूस पुन्हा लागणार नाही. पण तो परत आणा म्हणणाऱ्यांना वेड्यात काढायचंही कारण नाही. त्या डब्याबरोबर गाडीच्या शेपटीचा एक व्हॉल्व्ह, दोन डोळे आणि दोन पाय गेले. व्हॉल्व्ह एका खोक्यात घालून परत आणला गेला. डोळ्यांचं काम बरंचसं रुळांशेजारच्या यंत्रांकडे गेलं. पायांचा मात्र कोणी विचारच केला नाही.

आधी त्या डब्यातली माणसं करायची काय ते बघू. गाडी अवेळी, अडनिड्या जागी थांबली की मागचा फ्लॅगमन लाल झेंडा किंवा कंदील, जळत राहणाऱ्या लाल नळ्या आणि रुळावर बसवायचे फटाके घेऊन मागे पळायचा, मागून येणारी गाडी रोखायला. आपल्याकडचा गार्ड हेच करतो. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक डिटोनेटर, म्हणजे तोच फटाका, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, हा नियम त्याला झोपेतही पाठ असतो. लूपमधून, म्हणजे बाजूच्या रुळावरून, गाडी मुख्य मार्गावर आली की मागचा रूळ बदलणारा सांधा पूर्ववत करायला कोणीतरी उतरायला हवं, ते काम कबूसवाल्याचं. कंडक्टर म्हणजे गाडीचा खरा मालक. तो मालाचे कागद सांभाळायचा, कुठली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, कुठे सोडायची याचा हिशेब त्याच्या टेबलावर.

आणि उरलेला सगळा वेळ बघणं. पुढच्या वाघिणींच्या कडेने, वळणावर डावीकडून, मग उजवीकडून. कुठे धूर निघतोय का, कुठे ठिणग्या उडताहेत का, काही लोंबकळत, घासत चाललंय का. ती छपरावरची माडी त्यासाठीच होती. वाघिणी उंच होत गेल्या तशी माडीतून समोरच्या डब्याची भिंतच दिसायला लागली. मग बऱ्याच कंपन्यांनी माडी काढून डब्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या खिडक्या बसवल्या. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १९३० मध्ये तसे कबूस आणले.

बघण्याची एवढी निकड कशामुळे होती, तर जुन्या बेअरिंगमुळे. आपले रेल्वेवाले ज्याला हॉट ॲक्सल म्हणतात तेच तिकडचं हॉटबॉक्स. धुरा पितळी कवचात फिरायचा आणि त्याला तेल मिळायचं ते पेटीत कोंबलेल्या, तेलात भिजवलेल्या सुताच्या गोळ्यातून. तेल आटलं किंवा गोळा सरकला की धातूवर धातू घासायचा, सूत पेटायचं, दाट धूर आणि उग्र वास मागे यायचा. म्हणजे बेअरिंग मरण्याआधी चांगली बोंब मारायचं आणि मागचा माणूस ती ऐकायचा. रोलर बेअरिंग तसं नसतं. ते क्वचित बिघडतं, पण बिघडलं की थोड्या मैलांत तापून लाल होतं आणि शेवटपर्यंत फारसा धूर सोडत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कबूसमधलं जगणं चित्रात दिसतं तसं नव्हतं. दोन डबे जोडणाऱ्या प्रत्येक कपलरला थोडी सैल जागा असते आणि कपलरमागच्या स्प्रिंगची हालचाल वेगळी. एका वाघिणीत हे काही इंच. शंभर वाघिणींत मिळून कित्येक मीटर. इंजिन पुढे ओढायला लागलं की ही सैल जागा एकेक डबा करत मागे भरत येते आणि शेवटच्या डब्यापर्यंत पोचेस्तो इंजिनाने चांगला वेग घेतलेला असतो. उभा असलेला कबूस एका क्षणात त्या वेगाला ओढला जातो. ब्रेक लागताना उलटं, सगळी गाडी पुढे आपटत येते. आतल्या शेगडीला म्हणून वरच्या बाजूने उभी कड असायची, केटली घसरू नये म्हणून. शेगडी जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेली, तिच्या दाराला दुहेरी खिट्टी, निखारे बाहेर सांडू नयेत म्हणून. माडीतून खाली फेकले जाऊन हातपाय मोडणं, डोकं फुटणं हे त्या नोकरीचे नेहमीचे धोके. कबूस काढताना कंपन्यांनी हा मुद्दा पुढे केला तो सोयीचा होता, पण खोटा नव्हता.

हटवण्याची सुरुवात फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेने केली. १९६९ मध्ये शेवटच्या वाघिणीला यंत्र लावून गाडी चालवणारी ती पहिली. बाकीच्या कंपन्यांना कामगार संघटनांशी झालेले करार आणि राज्यांचे कायदे आडवे येत होते. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या १९५ क्रमांकाच्या आणीबाणी मंडळाने जिथे जमेल तिथे कबूस काढायला वाट मोकळी करून दिली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत पूर ओसरावा तसे ते ओसरले. व्हर्जिनिया राज्यात १९११ पासून कबूस सक्तीचा करणारा कायदा होता, तो १९८८ मध्ये रद्द झाला. तोवर रोलर बेअरिंग सर्रास झाली होती, मार्गाशेजारी तापमान मोजणारे डिटेक्टर बसले होते आणि सांधे दूरच्या नियंत्रण कक्षातून फिरायला लागले होते. फ्लॅगमनला पळायचं कारणही उरलं नव्हतं. गाडीचं चाक रुळावर असेपर्यंत रुळांतल्या विजेवर चालणारं ट्रॅक सर्किट मागचा सिग्नल लाल ठेवतं.

आता कबूसच्या जागी जे आलं त्याच्याकडे जरा जवळून बघू. नाव एंड ऑफ ट्रेन डिव्हाइस, कामगारांच्या तोंडी फ्रेड. वजन साधारण पंधरा किलो, म्हणजे एका माणसाने एका हाताने उचलून न्यायचं. शेवटच्या वाघिणीच्या मोकळ्या कपलरवर ते ठेवायचं, पकडीचा स्क्रू हाताने घट्ट आवळायचा, छोटा होज, म्हणजे रबरी नळी, गाडीभर हवा नेणाऱ्या ब्रेक पाइपच्या होजला जोडायचा आणि अँगल कॉक, म्हणजे पाइपच्या टोकाची तोटी, सावकाश उघडायचा. घाईने उघडला तर दाब धाडकन पडून अख्खी गाडी इमर्जन्सीत जाते, म्हणजे सगळे ब्रेक एकदम लागतात. फ्रेडवर पाच आकडी क्रमांक असतो, तो इंजिनातल्या यंत्रात भरायचा. मग मागच्याने चाचणीचं बटण दाबायचं आणि काही सेकंदांच्या आत इंजिनवाल्याने आपल्या बाजूचं. दोघांची वेळ जुळली तरच पुढून मागे जाणारा ब्रेकचा हुकूम सक्रिय होतो. क्रमांक एका आकड्याने चुकला तर? दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या फ्रेडशी बोलणं सुरू होऊ नये, म्हणूनच हा सगळा खटाटोप.

फ्रेड मागून पुढे ४५७.९३७५ मेगाहर्ट्झवर बोलतो, पुढून मागे ४५२.९३७५ वर. तो सांगतो ब्रेक पाइपचा दाब, शेपूट हलतंय की उभं आहे, बॅटरी किती आहे आणि लाल दिवा लुकलुकतोय का. दाब २ पीएसआयने (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) बदलला की लगेच खबर, नाही बदलला तरी ७० सेकंदांच्या आत एक खबर यायलाच हवी. अमेरिकेत मालगाडीचा पाइप साधारण ९० पीएसआयवर भरतात. इंजिनवाल्याने ब्रेक लावला की काही सेकंदांनी शेपटीचा आकडा खाली येताना दिसायला हवा. नाही आला, तर मध्ये कुठेतरी पाइप तुंबला आहे. कोणी अर्धवट बंद ठेवलेला अँगल कॉक, मुरगळलेला होज, थंडीत पाइपमध्ये गोठलेलं पाणी, यांपैकी काहीही. हवेच्या ब्रेकची मूळ कल्पना अशी की पाइपातला दाब ब्रेक सोडवून ठेवतो आणि दाब उतरला की ब्रेक लागतो. पाइप तुंबला तर तुंबलेल्या जागेच्या पुढच्या वाघिणींचेच ब्रेक लागतात. मागच्या सगळ्या वाघिणी मोकळ्या सुटतात आणि पुढच्यांना ढकलत राहतात.

कबूसमध्ये याला उत्तर होतं. भिंतीवर दाबाचा काटा आणि शेजारी कंडक्टरचा व्हॉल्व्ह. पुढे ब्रेक लागतोय असं जाणवलं, पण काटा हलत नाही असं दिसलं, की व्हॉल्व्ह ओढायचा. शेपटीकडून दाब सुटला की तुंबलेल्या जागेच्या मागचे सगळे ब्रेक लागतात. सुरुवातीचे फ्रेड नुसते खबर देणारे होते, ब्रेक लावू न शकणारे. हा खड्डा किती खोल आहे ते १ फेब्रुवारी १९९६ ला कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीत कळलं. तिथला जुना मार्ग काही ठिकाणी ३ टक्के उताराचा आहे. आपला भोर घाट १:३७, म्हणजे २.७ टक्के, तोही इंजिनवाल्यांना घाम फोडतो. त्या दिवशी उतारावर मालगाडीचा पाइप मध्येच तुंबला, मागून ब्रेक लावणारी चालू यंत्रणा नव्हती, गाडी सुटली आणि दोन कर्मचारी गेले. १९९७ मध्ये केंद्रीय नियमाने दुतर्फी फ्रेड सक्तीचा झाला. इंजिनातून लाल झाकणाखालची कळ दाबली की मागचा फ्रेड स्वतःचा व्हॉल्व्ह उघडतो.

इथवर ऐकून वाटेल की मग कबूसचं काम संपलं. पण ४ ऑक्टोबर २०१८ ला वायोमिंगमधल्या ग्रॅनाइट कॅन्यनला हेच पुन्हा घडलं. उतारावर पाइपातला हवेचा प्रवाह अडला, इंजिनवाल्याने इमर्जन्सी ओढली, मागच्या यंत्राने हुकूम पाळला नाही, गाडी पुढच्या उभ्या गाडीवर मागून आदळली आणि दोघे गेले. यातला चीड आणणारा भाग वेगळाच आहे. नियमाप्रमाणे पुढून मागचा संपर्क आहे का याची तपासणी दर दहा मिनिटांनी होते आणि संपर्क तुटल्याचं इंजिनवाल्याला कळायला साडेसोळा मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. घाटाच्या उतारावर साडेसोळा मिनिटं म्हणजे अख्खा घाट. डोंगराआड, बोगद्यात, खोल कापणीत रेडिओ दबतो हे सगळ्यांना माहीत असताना हा आकडा नियमात होता.

कबूस असता तर वाचले असते का? या एका प्रकारात, होय, शक्यता चांगली होती. काट्याकडे बघणारा जागा माणूस आणि हाताशी व्हॉल्व्ह यांना रेडिओ लागत नाही. मी ही बाजू मुद्दाम मांडतो आहे, कारण कबूसविरोधी लोक ती नेहमी गाळतात.

कबूसप्रेमी गाळतात ती बाजू कॅनडातली. ८ फेब्रुवारी १९८६, अल्बर्टा प्रांतातलं हिंटन. कॅनेडियन नॅशनलची मालगाडी, पुढे तीन इंजिनं, मग ११५ वाघिणी, मागे कबूस, कबूसमध्ये कंडक्टर. गाडीने थांबा सिग्नल ओलांडला आणि एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळली. २३ माणसं मेली. मागचा कंडक्टर वाचला. रेडिओवर पुढच्यांना हाक मारायचा प्रयत्न केल्याचं त्याने सांगितलं, पण हाताशी असलेला व्हॉल्व्ह त्याने ओढला नाही. शंभराहून जास्त डब्यांची गाडी रिकाम्या रानात इमर्जन्सीत टाकणं सोपं नसतं. पुढचे ठीक असतील, मी उगाच ओढला तर डबे घसरतील आणि माझीच चौकशी लागेल, असं मागे एकट्या बसलेल्या माणसाच्या मनात येणं स्वाभाविक आहे. मागे माणूस असणं आणि त्या माणसाने वेळेवर हात उचलणं यांत अंतर आहे. सिग्नल ओलांडण्याच्या आजारावर औषध निघालं तेही वेगळंच. अमेरिकेत पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल २०२० अखेर सक्तीच्या सर्व मार्गांवर सुरू झालं. इंजिनवाला झोपला तर ते स्वतः ब्रेक लावतं.

मग ओहायोतलं ईस्ट पॅलेस्टाइन, ३ फेब्रुवारी २०२३. कबूस परत आणा ही मागणी सगळ्यात जोरात झाली ती या अपघातानंतर, आणि सगळ्यात कमी लागू पडते तीही इथेच. दीडशेच्या आसपास वाघिणी, त्यात इंजिनापासून तेविसाव्या वाघिणीचं बेअरिंग तापलं. पहिल्या डिटेक्टरवर ते हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त, पुढच्यावर १०३, आणि त्यानंतर सुमारे वीस मैल एकही डिटेक्टर नाही. तिसऱ्यावर थेट २५३. धोक्याची घंटा तिथे वाजली, तोवर धुरा निकामी झाला होता. ३८ वाघिणी घसरल्या. कबूस असता तर तो या वाघिणीच्या मागे दोन किलोमीटरहून जास्त अंतरावर असता. रात्रीची वेळ. सरळ रुळावर त्याला पुढच्या वाघिणीच्या पाठीपलीकडे काही दिसलं नसतं. वळणावर ज्वाला दिसली असती, बहुधा. पण रोलर बेअरिंग, म्हणजे धूर उशिरा आणि वास कमी. मागच्या माणसावर ही गाडी टाकायची म्हणजे योग्य वळण योग्य मिनिटाला यावं लागतं. वीस मैलांच्या फटीत आणखी एक डिटेक्टर, आणि ३८ वरून १०३ ही चढण स्वतःहून ओळखणारा हिशेब, हे दोन्ही कबूसपेक्षा स्वस्त आणि जास्त भरवशाचं.

लॅक-मेगँटिकचं नावही या वादात घेतलं जातं. ६ जुलै २०१३, क्वीबेक, ४७ बळी, गाडीवर एकच माणूस. गंमत नाही, पण त्या गाडीत कबूस होता. जुन्या कबूसमध्ये इंजिनांच्या दूरनियंत्रणाची यंत्रं बसवून तो पुढेच, इंजिनांच्या रांगेत जोडलेला होता. रात्री उतारावर गाडी उभी करताना सात डब्यांचे हातब्रेक आवळले होते, त्यात पाच इंजिनं धरून. इंजिन बंद केलं गेलं, हवा गळाली, सात पुरले नाहीत. पुरेसे हातब्रेक आवळायला माणसं आणि वेळ लागतो, मग ती माणसं कुठल्या डब्यात बसून आली याला महत्त्व नाही.

आणि इथूनच मी पायांवर येतो. माझ्या मते कबूस गेल्याची खरी किंमत इथे मोजावी लागते, आणि ती कुठल्याही अपघाताच्या अहवालात येत नाही.

कपलरचा जो मुठीसारखा वळणारा भाग एकमेकांत अडकतो त्याला नकल म्हणतात. वजन जवळपास चाळीस किलो. ती मुद्दाम साखळीतली कच्ची कडी ठेवलेली असते. जास्त ओढ आली तर नकल तुटावी, डब्याचा सांगाडा फाटू नये. नकल तुटली की गाडी दोन तुकड्यांत, होज सुटतो, हवा जाते, अख्खी गाडी इमर्जन्सीत. ब्रेकची ही लाट पाइपातून सेकंदाला सुमारे २८० मीटरने धावते, म्हणजे अडीच किलोमीटरची गाडी नऊ-दहा सेकंदांत जखडली जाते. मग इंजिनातून कंडक्टर उतरतो. हातात कंदील, रेडिओ, पाना, जमल्यास एक होज. पायाखाली तिरकी खडी. तुटलेली जागा ऐंशीव्या वाघिणीपाशी असेल तर तिथवर दीड किलोमीटर, प्रत्येक वाघीण बघत बघत, बर्फात असो की पावसात.

पोचल्यावर आधी मागच्या तुकड्याचे हातब्रेक आवळायचे, किती ते उतारावर अवलंबून. तुटलेल्या नकलचा खिळा काढायचा, तुकडे उपसायचे. नवी नकल आणायची कुठून? इंजिनावर ठेवलेली असते, पण चाळीस किलो घेऊन दीड किलोमीटर कोण चालणार. म्हणून बऱ्याचदा जवळची एखादी मोकळी नकल पळवतात, म्हणजे शेवटच्या वाघिणीच्या मागच्या तोंडाची, तिथे तिला ओढ येत नाही. नवी बसवून खिळा घालायचा, हाताने उघडझाप करून बघायची. इंजिनवाल्याला रेडिओवर डबे मोजत मागे घ्यायचं, तीन, दोन, एक, अर्धा. जुळल्यावर जरा ताणून खात्री. होज जोडून अँगल कॉक सावकाश उघडायचा. शेपटीचा आकडा चढेपर्यंत थांबायचं. मग आवळलेले हातब्रेक एकूण एक सोडायचे. एक जरी राहिला तर चाक फरफटत जातं, त्याला सपाट चट्टा पडतो, आणि पुढच्या डिटेक्टरवर तापलेलं चाक म्हणून गाडी पुन्हा उभी. आणि परत दीड किलोमीटर इंजिनाकडे. तोवर गावातली तीन फाटकं बंद, रुग्णवाहिका अडकलेल्या.

कबूस होता तेव्हा मागचा माणूस मागून चालत यायचा, पुढचा पुढून. नकल, साखळ्या, जॅक, घसरलेलं चाक रुळावर चढवायचे लोखंडी पाट, हे सगळं कबूसच्या पोटातल्या पेट्यांत. शंभर वाघिणींच्या गाडीत कोणालाही पन्नासच्या वर चालावं लागत नव्हतं. आज गाड्या दुप्पट लांब आणि चालणारा एक.

तरीही कबूस परत येणार नाही, कारण तो आणायचा म्हणजे तिसरा माणूस आणायचा. अमेरिकेत भांडण कुठवर आलंय बघा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाला इंजिनात किमान दोन माणसं हवीत असा नियम करावा लागला, कारण कंपन्यांना एकच हवा होता. दुसऱ्या माणसासाठी जिथे नियम लागतो तिथे तिसऱ्याचा विषय टेबलावर येत नाही. शिवाय प्रत्येक यार्डात कबूस काढा, फिरवा, दुसऱ्या टोकाला लावा हे शंटिंग परत येणार. केंद्रीय नियमांप्रमाणे त्याला सुरक्षित काच लागते, आजच्या माणसाला शौचालय, हीटर, एसी आणि पट्ट्याची सीट. या सगळ्याचं ओझं सुमारे पंचवीस टन, ज्यावर एक डॉलरही भाडं मिळत नाही. आणि गाडीच्या मागून दूरनियंत्रित इंजिन ढकलत असेल तर कबूस नेमका कुठे लावायचा? इंजिनाच्या पुढे लावला तर दोन राक्षसांमध्ये चिरडायला ठेवल्यासारखा.

हे मागचं इंजिन खरं तर कबूसच्या व्हॉल्व्हचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. त्याला स्वतःचा कॉम्प्रेसर आणि स्वतःचा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. पाइप दोन्ही टोकांनी भरतो, ब्रेकची लाट दोन्ही टोकांनी निघते, वेळ निम्मा होतो. कॅनडात कडाक्याच्या थंडीत होजच्या रबरी वायसर कडक होऊन हवा गळते, शेपटीला दाब चढत नाही, आणि गाडी आखूड करावी लागते. त्यावर कॅनेडियन नॅशनलने कॉम्प्रेसर बसवलेले डबे काढले, जे गाडीच्या मध्ये किंवा मागे लावून पाइपात हवा भरतात. माणूस वजा केलेला कबूसच म्हणा ना.

आपल्याकडे गार्डाचा डबा अजून दिसतो त्याचं कारण जुनाटपणा एवढंच धरू नका. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडणाऱ्या ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत स्टेशन मास्तरने शेवटच्या डब्यावरची एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी किंवा लाल दिवा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मागच्या स्टेशनला लाइन क्लिअर, म्हणजे पुढची गाडी सोडायची परवानगी, देता येत नाही. गाडी मध्येच तुटून दहा वाघिणी मागे राहिल्या तर पाटी येत नाही, एवढी साधी भाषा. जिथे ॲक्सल काउंटर गेलेली आणि आलेली चाकं मोजतो तिथे ही गरज सुटते. सुटताना गार्ड ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे आपल्या डब्यातून, दाब उतरवून दाखवतो आणि इंजिनातल्या काट्यावर तो उतरलेला ड्रायव्हर बघतो. पाइप अखंड आहे याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही. इंजिनात दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब, ब्रेक व्हॅनमध्ये ४.८ च्या आसपास, हे आकडे पेपरवर चढल्याशिवाय गाडी हलत नाही. जानेवारी २०२२ पासून गार्डचं नाव ट्रेन मॅनेजर झालं. जुन्या ब्रेक व्हॅनमधला अंधार, उन्हाळ्यातला तवा आणि लोखंडी बाक मात्र नावाबरोबर बदलले नाहीत. शेपटीला यंत्र लावून गार्डाविना गाडी चालवायचे प्रयोग इथेही झाले आहेत. ६८६ मीटरच्या लूपमध्ये ५८ वाघिणींच्या रेकमागून ब्रेक व्हॅन काढली की त्या जागेत माल भरलेली एक वाघीण बसते, हा हिशेब कोणालाही मोह पाडेल. १५ ऑगस्ट २०२२ ला कोरब्याहून राजनांदगावपर्यंत, म्हणजे नागपूर विभागात, आलेली सुपर वासुकी २९५ वाघिणींची, साडेतीन किलोमीटरची होती. अशा गाडीत मागच्या गार्डाने मधल्या वाघिणीपर्यंत चालायचं ठरवलं तर चहाचा डबा सोबत न्यावा लागेल.

घाटात मात्र घाई नको, असं माझं स्पष्ट मत आहे. भोर आणि थळ घाटांत उतरताना कॅच सायडिंग आहेत. गाडी ठरल्या जागी थांबली नाही तर सांधा तिला चढावरच्या आंधळ्या रुळावर नेतो. कॅहोनला जे नव्हतं ते इथे आहे. तरीही १:३७ च्या उतारावर रेडिओच्या भरवशावर शेपूट सोडायची असेल तर संपर्क तुटल्याची खबर साडेसोळा मिनिटांत नव्हे, काही सेकंदांत यायला हवी.

राहता राहिला कबूस. तो अमेरिकेत एका कामासाठी आजही रुळावर आहे, फक्त त्याला कोणी कबूस म्हणत नाही. कारखान्याच्या सायडिंगमध्ये गाडी मैल-दोन मैल उलटी ढकलायची असते, इंजिन मागे, वाघिणी पुढे, वाटेत फाटकं. अशा वेळी पुढच्या टोकाला कोणीतरी उभं राहून रस्ता बघायलाच लागतो. वाघिणीच्या शिडीला एका हाताने लटकून दोन मैल जाणं हा आमंत्रण देऊन बोलावलेला अपघात. म्हणून जुना कबूस आणतात, शेगडी उपटून टाकतात, खिडक्यांवर पत्रा जोडतात, दाराला कुलूप. आत जायचंच नसतं. टोकाचा कठडा, पायऱ्या, एक शिट्टी आणि एक ब्रेक व्हॉल्व्ह एवढंच चालू ठेवतात. त्याला शोव्हिंग प्लॅटफॉर्म म्हणतात. कंडक्टर कठड्याला टेकून उभा राहतो, रेडिओवर डबे मोजतो, आणि फाटकात कोणी आडवं आलं तर हात व्हॉल्व्हवरच असतो.